सदाच्या पावलावरची नाडी

हा अनुभव लिहावा की नाही, या विचारात बरीच वर्षं गेली. देवाची कृपा झाली असं सांगताना माणूस आपण किती चांगले भक्त होतो हेही नकळत सांगून जातो, आणि माझ्या बाबतीत ते साफ खोटं ठरलं असतं. कृपा झाली ती माझ्या धाकट्या भावावर, सदानंदावर. मी त्या कृपेच्या वाटेत आडवा बसलो होतो.

लालबागला आमच्या चाळीमागे एक लहानशी व्यायामशाळा होती. मी दिवसा गिरणीत कारकून आणि संध्याकाळी तिथला वस्ताद. हुतूतूचा संघ माझ्या हाताखाली तयार होई आणि आमचा सदा त्या संघाचा पहिला चढाईवाला. तेवीस वर्षांचा, अंगाने चिवट, पोटऱ्या अशा कमावलेल्या की नवे खेळाडू कौतुकाने बघत राहत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने जोर धरला त्या सुमाराला त्याच्या उजव्या पोटरीत दुखू लागलं. खेळ सुरू झाला की पाच-सात मिनिटांत पोटरी आवळून यायची, पाऊल बधिर व्हायचं. जरा वेळ बसला की सगळं गायब. हे गायब होणंच मला खुपायचं. खरं दुखणं असं सोयीने येतं-जातं का?

मी काही केलं नाही असं नाही. दोन डॉक्टरांना दाखवलं, एका हाडवैद्याला दाखवलं. जाताना त्याला त्रास नको म्हणून ट्रामने न्यायचो. तिथे तासभर बाकावर बसून राहायचो आणि नंबर लागला की डॉक्टर त्याला टेबलावर आडवा करून पाय वाकवून बघायचे. हाड ठीक, सांधा ठीक, एक्स-रे स्वच्छ. पोरगा धडधाकट आहे, असं दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं आणि त्या दिवशी माझ्या मनाने निकाल देऊन टाकला. सदा अंगचोरपणा करतोय.

शनिवारी मारुतीला वाहिलेलं तेल मी वाटीत काढून त्याला द्यायचो आणि माझ्यासमोर पोटरीला चोळायला लावायचो. गुण येईना. आता खोट मारुतीच्या तेलात असणं शक्य नव्हतं, तेव्हा ती सदाच्या श्रद्धेत आहे असं मी ठरवून टाकलं. शिवाय पाय कच्चा राहिलाय म्हणून त्याच्या बैठका दुप्पट केल्या. तो मुकाट्याने काढायचा, मधेच भिंतीला टेकायचा, आणि मी ओरडलो की पुन्हा सुरू करायचा. शेवटी एका शनिवारी आरती झाल्यावर सगळ्या खेळाडूंसमोर मी त्याला मूर्तीच्या पायांवर हात ठेवायला लावला.

"घे शपथ. दुखतं का खरंच?"

त्याने हात ठेवला. "दुखतं, दादा. मारुतीची शपथ, दुखतं."

आमच्या व्यायामशाळेत मारुतीची खोटी शपथ कुणी घेत नसे. ही शिकवण माझीच होती. तरीही मी म्हणालो, "देवासमोर पण खोटं बोलायला लागलास?" सदाने हात काढून घेतला आणि कुणाकडे न बघता घरी गेला. हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात. मी नुसता भावावर अविश्वास दाखवला नाही. ज्या देवाला मीच साक्षीला उभं केलं, त्याची साक्षही झिडकारली, आणि वर स्वतःला उपासक म्हणवत राहिलो.

त्यानंतर महिनाभराने हरताळ पडला. आम्ही सगळे सकाळी गिरगावात मोर्च्याला गेलो होतो. परतताना ट्राम नाही, बस नाही, चालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाकीचे घोषणा देत पुढे निघून गेले आणि मी सदामुळे मागे पडलो. ग्रँट रोडला तो थांबला, नागपाड्याला थांबला, पुन्हा थोडा चालून थांबला. लोक बघत होते. मला वाटलं, हे सगळं मला खजील करायला चाललंय. भायखळ्याजवळ तो एका बंद दुकानाच्या पायरीला धरून उभा राहिला.

"दादा, जरा थांब ना. दोनच मिनिटं."

"लोकांनी महाराष्ट्रासाठी छातीवर गोळ्या घेतल्या रे! आणि तुला लालबागपर्यंत चालवत नाही?"

"ओ भाऊ, त्याला ओरडू नका," मागून कुणीतरी म्हणालं.

पंचेचाळिशीच्या एक बाई होत्या. पांढरं पातळ, हातात छत्री, खांद्याला पिशवी. त्या नर्स होत्या आणि परळला ड्यूटीवर चालत निघाल्या होत्या. "मी कधीची तुमच्या मागनं येतेय. हा तीनदा थांबला, आणि दर वेळेला तेवढंच अंतर चालून थांबला. ढोंग करणारा असा मापात नाय थांबत." मग सदाकडे वळून म्हणाल्या, "विडी ओढतोस काय रे?"

"नाही ओ बाई. खेळतो मी."

"आमच्या वॉर्डात विड्या ओढून पायाच्या शिरा बंद झालेले म्हातारे येतात, ते असे चालतात. तुझ्या वयाचा नाय बघितला कधी. जा, त्या कोपऱ्यापर्यंत झपझप जाऊन ये."

सदा लंगडत आला. बाईंनी त्याला पायरीवर बसवलं, चपला काढायला लावल्या, भर रस्त्यात खाली बसून दोन्ही पावलांवर बोटं ठेवली, आणि मला म्हणाल्या, "या इकडे. तुम्हीच बघा." मी वाकलो तसा सदाने पाय मागे ओढला. "दादा, तू नको. तू मोठा आहेस, माझ्या पायाला हात नको लावूस." बाईंनी माझं बोट धरून आधी डाव्या पावलावर ठेवलं. तिथे नाडी टणटण उडत होती. उजव्या पावलावर ठेवलं. तिथे काहीच नव्हतं. कातडी गार होती आणि आत सगळं मुकं.

मी बोट काढलं नाही. काढायची हिंमतच नव्हती. किती वेळ गेला कळलं नाही, पण माझ्या बोटाखाली एक बारीक ठोका आला. मग दुसरा. मग हळूहळू रांग लागली. सदा म्हणाला, "आता थांबलं दुखायचं." दोन वर्षं तो जे सांगत होता ते माझ्या बोटाला आत्ता कळत होतं.

"आता टेबलावर निजवलात तर कुणालाच काय सापडायचं नाय," बाई उठत म्हणाल्या. "डॉक्टरला सांगा, आधी जिने चढवा, मग नाडी बघा. आणि उशीर करू नका." त्यांना ड्यूटीला उशीर होत होता. त्या भराभर निघून गेल्या आणि मी नावसुद्धा विचारलं नाही.

मोठ्या रुग्णालयातले सर्जन बाईंचा निरोप ऐकून आधी हसले, मग त्यांनी सदाला जिने चढायला लावलं, नाडी बघितली आणि त्याला तिथेच दाखल करून घेतलं. शिरेत औषध सोडून एक्स-रे काढले, पुढे ऑपरेशन केलं. गुडघ्याच्या मागे पोटरीचा एक स्नायू जन्मापासूनच भलत्या जागी चिकटलेला होता. पोटरी ताणली की पायाला रक्त नेणारी वाहिनी त्याच्याखाली चिरडायची. असं फार क्वचित आढळतं, ते म्हणाले. पोटरी जितकी जाड, तितका दाब जास्त. म्हणजे माझी एकेक बैठक तिथेच जाऊन बसत होती. आणखी काही महिने गेले असते तर पाऊलच काढावं लागलं असतं. ते वाचलं, पण वाहिनीला इजा झाली होती. हुतूतू कायमचा बंद.

त्या बाईंना मी परळमध्ये पुष्कळ शोधलं. पत्ता लागला नाही. त्या कोण होत्या यावर मी वाद घालत नाही. उशीर होत असताना त्या एका परक्या माणसासाठी खाली बसल्या, एवढं मला ठाऊक आहे आणि तेवढ्यावर मी जन्मभर त्यांचा ऋणी आहे.

सदा घरी आल्यावर मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "पाय नाही दुखत आता, दादा. त्या शनिवारचं मात्र दुखतं अजून. जाईल हळूहळू." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

पूर्वी मी मारुतीकडे बळ मागायचो, संघाचा विजय मागायचो. आता मागणं संपलं. मी हात जोडतो आणि माझंच खरं हा हट्ट त्याच्या पायाशी ठेवतो. तो रोज नव्याने ठेवावा लागतो, कारण घरी पोचेपर्यंत माझ्या आधी तोच पोचलेला असतो.