विमानाएवढं जस्त

रोज सकाळी काका आधी टेबलावरच्या विमानावर फुंकर मारायचे. चारही पंखे फिरले की मगच हातात माल घ्यायचे. तोवर लाइन थांबली तरी बेहत्तर.

महाळुंग्याची आमची कंपनी स्कूटरच्या इंजिनाची झाकणं ओतते. सगळे ज्यांना काका म्हणायचे ते तपासणीला होते, मी स्टोअरला. हाताएवढी, धातूची, जुनी पंखेवाली प्रवासी विमानं जमवायचा त्यांना नाद. आकुर्डीच्या घरी काचेच्या कपाटात बावीस होती. जेट एकही नाही. "पंखा दिसला पाहिजे राव," म्हणायचे. "आपला मॅनेजर बघ, जेट आहे. आवाज तेवढा येतो, आत फिरतं काय ते कळत नाही."

नापास करणं हा त्यांचा स्वभावच. माझ्या लग्नात मांडवाचा खांब तिरका आहे हे त्यांनी माझ्या सासऱ्यांना हाताला धरून नेऊन दाखवलं. मग ढोकळा डोळ्यांसमोर धरून म्हणाले, "छिद्रं फार. पण याला चालतात."

टेबलावरचं तेविसावं विमान मात्र उघड उघड सदोष होतं. शेपटीवरचा निळा पट्टा एका बाजूला घसरलेला. मी एकदा दाखवला तर भडकलेच. "दिसतंय मला. बायकोनं आणलंय ते." काकूंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

पुढे कंपनीला स्वच्छतेचं वेड लागलं. बाहेरून पाहुणे तपासायला येणार म्हणून समिती नेमली, आणि माझं नशीब बघा, समितीत मी! टेबलावरच्या बिनकामाच्या वस्तूला लाल चिठ्ठी बांधायची आणि कोपऱ्यातल्या पेटीत टाकायची. देवांचे फोटो सुटले, कारण मॅनेजरच्या केबिनमध्येही एक होता. विमानाला चिठ्ठी मी बांधली.

"पाहुणे गेले की लगेच परत देतो, काका."

"बिनकामाचं म्हणून लिहिलंस?" त्यांनी एवढंच विचारलं.

पाहुण्यांना पेटीसुद्धा रिकामी दिसावी म्हणून कुणीतरी ती सकाळीच भंगारात उपडी केली आणि भंगार गेलं भट्टीत. आम्हाला स्वच्छतेचं पहिलं बक्षीस मिळालं.

मी सांगितलं तेव्हा काका भट्टीकडे धावले. आता तिथे काय उरलं होतं? पण विमान जस्ताचं, भट्टीतला रस ॲल्युमिनियमचा. जस्त प्रमाणाबाहेर गेलं तर अख्खी भट्टी नापास, आणि ते ठरवणारे काकाच. नमुना तपासून ते कितीतरी वेळ कागदाकडे बघत राहिले. मॅनेजर त्यांच्या खांद्यावरून कागदात डोकावत होता.

"जस्त वाढलंय," काका म्हणाले.

"किती?"

"विमानाएवढं."

मला वाटलं, आता मारतात नापासचा शिक्का. खरं सांगतो, मारावाच असं वाटत होतं. पण "मर्यादेत आहे" म्हणाले आणि पासचा मारला. मग त्या भट्टीचं एकेक झाकण त्यांनी स्वतः हातात घेऊन पाहिलं.

मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. घातल्या नाहीत. महिन्याभरात निवृत्त झाले. पुढे सिग्नलला नवी स्कूटर दिसली की वाकून इंजिन बघायचे आणि "कधी घेतली?" म्हणून विचारायचे. मालक घाबरून कागदपत्रं काढायचा.

गेल्या वर्षी काका गेले. खऱ्या विमानात ते कधी बसलेच नाहीत.

माझी स्कूटर त्या भट्टीच्याच सुमाराला घेतलेली. कंपनीत निघताना मी रोज वाकून तिच्या इंजिनाच्या झाकणावर फुंकर मारतो.

"धूळ बसलीय का?" बायको दारातून विचारते.

मी हो म्हणतो.