गाण्याच्या सरांना दिसायचं ते

मैदानाच्या एका टोकाला उभा राहून मी दुसऱ्या टोकाच्या माणसाला हळू आवाजात नावं ठेवायचो. एवढ्या लांबून त्यांना ऐकू जाणार नाही, असा माझा अंदाज होता. अंदाज बरोबर होता. त्यांना ऐकू जातच नव्हतं.

ते आमच्या हायस्कूलचे गाण्याचे सर, आणि मी पीटीचा मास्तर. शाळा हिंडलग्याच्या पुढं. सर अंगानं काडी, पांढरा सदरा, मान कायम पुढं काढलेली. मी त्यांना ‘बगळा’ म्हणायचो, अर्थात मैदानाच्या टोकावरूनच.

त्यांची एक खोड होती. बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांत बघायचे नाहीत, तोंडाकडं बघायचे. तुम्ही असता तर तुम्हीही जिभेनं दात चाचपले असते. मी रोज चाचपायचो. बोलणं संपलं की मान हलवून म्हणायचे, “दिसलं, दिसलं.”

त्या वर्षी शाळेत बातमी पसरली. दहावीला गणिताचे जादा तास हवेत, म्हणून गाणं, चित्रकला आणि पीटी यांतला एक मास्तर संस्था कमी करणार. झालं. सर, चित्रकलेच्या बाई आणि मी, तिघंही एकमेकांकडं जपून बघायला लागलो. बाई हेडमास्तरांच्या टेबलावर फुलदाणी ठेवून आल्या, तर मी दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या खिडकीखाली कवायत लावली.

सर यातलं काहीच करत नव्हते. म्हणून संशय त्यांचाच आला. त्यात त्यांना सगळं आधी कळायचं. हेडमास्तरांच्या खोलीला काचेचं दार, ते घट्ट बंद. तरी आत काय ठरलं ते मधल्या सुट्टीत यांना ठाऊक. एकदा मला म्हणाले, शुक्रवारचा तुमचा तास गणिताला जाणार, पोरांना आधीच सांगून ठेवा. शुक्रवारी तास गेला. हा हेडमास्तरांचा माणूस, असं मी मनात पक्कं करून टाकलं.

मग यांना बातम्या कोण पुरवतं ते पकडायला मी सापळा लावला. सर पार दुसऱ्या टोकाला असताना मैदानाच्या या टोकाला बाईंना गाठून हळूच सांगितलं, मला निपाणीच्या शाळेत नोकरी मिळतेय, कुणाला बोलू नका. साफ थाप होती. दुसऱ्या दिवशी सर आले आणि काळजीनं म्हणाले, “निपाणीला कशाला जाताय सर? रोज एसटीचा जीवघेणा प्रवास.”

कुणी सांगितलं, म्हणून मी अंगावर गेलो.

“तुम्हीच की,” सर म्हणाले.

एवढं धडधडीत खोटं! म्हणजे बाई फितूर. मी बाईंशी बोलणं टाकलं. त्यांनी कारण विचारलं, तर म्हणालो, तुमचं तुम्हाला माहीत. बाई उरलेलं वर्षभर विचार करत असाव्यात.

गॅदरिंगची तालीम मैदानात चालली होती. सर पोरांसमोर, पोरांच्या मागं ऑफिसची काच, आणि काचेआड हेडमास्तर व संस्थेचे सेक्रेटरी बोलत बसलेले. गाणं रंगात असताना सरांचा ताल देणारा हात मध्येच थांबला. पोरं गडबडली. मग हात पुन्हा हलायला लागला. सरांनी ते गाणं पुन्हा एकदा पहिल्यापासून म्हणून घेतलं, आणि मग माझ्याकडं आले.

“तुमचं नाव न्हाय, सर. निवांत ऱ्हावा.”

कशावरून, असं मी विचारलं. त्यांनी काचेकडं बोट केलं. सर वडगावच्या विणकराच्या घरातले, घरात पॉवरलूम. त्या खडखडाटात हाकसुद्धा ऐकू जात नाही, तिथं सगळे ओठ बघूनच बोलतात.

“आईचं बोलणं मी ऐकण्यापरास बघितलंयच जास्त,” ते म्हणाले.

मैदानाच्या टोकावरचं वर्षभराचं बोलणं मला एका दमात आठवलं.

“म्हणजे ते बगळा वगैरे…?”

“व्हय. दिसलं.”

रागाचं चिन्ह नाही. विषय बदलायला मी विचारलं, मग नाव कुणाचं निघालं? सरांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडावरची नजर काढली. “तेवढ्यात सेक्रेटरीसाहेबांनी मान वळवली. दिसलं न्हाय.”

आणि आता मला हसा. मला वाटलं, नाव बाईंचं आहे आणि हा भला माणूस ते लपवतोय. मी जाऊन बाईंना पेरू दिला आणि जड आवाजात म्हणालो, धीर धरा.

जूनमध्ये शाळा उघडली. बाई आल्या, रंग घेऊन वर्गात गेल्या. सर आले नाहीत.

त्यांचे दहावीचे तास गणिताला गेले, उरलेले मला मिळाले. माझ्या हाताखाली पोरं ताठ उभी राहून, रांगेत, डावा-उजवा केल्यासारखी गायला लागली. एका मुलीनं सरळ विचारलं, आमचे सर कधी येणार? शाळा लवकर सुटली त्या दुपारी मी वडगाव गाठलं.

सर मागावर वाकून तुटलेला धागा जोडत होते. बाजूला त्यांची थोरली बहीण, आक्का, सुताच्या कांड्या भरत बसलेली. खडखडाट असा की स्वतःचा विचार ऐकू येईना. मी छातीतला सगळा दम लावून ओरडलो: सर, चुकलं माझं, शनिवारी तरी या, हेडमास्तरांशी मी बोलतो, पोरं वाट बघताहेत.

सरांनी माझ्या तोंडाकडं शेवटपर्यंत बघितलं. त्यांचे ओठ थोडे हलले. मग ते मागाकडं वळले.

मला काहीच दिसलं नव्हतं. मी आक्काकडं बघून हात हलवला. ती उठली, मला दारापर्यंत घेऊन आली.

“येणार न्हाय म्हणतोय त्यो,” ती म्हणाली. “आणि मास्तर, मागासमोर असं वरडू नगासा. तोंड लई वाकडं हुतंय, बघवत न्हाय.”