चिठ्ठीची खालची बाजू

म्युझियमच्या मॅडमनी तिसरी पेटी बंद केली आणि म्हणाल्या, "सॉरी काकू. म्युझियमला हे घेता येणार नाही."

काकू म्हणजे आमच्या सरांच्या पत्नी. सर जाऊन वर्ष झालं होतं. अंबरनाथचा फ्लॅट शनिवारी रिकामा करून काकू लेकीकडे जाणार होत्या. म्युझियमनं नाही म्हटलं की सरांनी घरी जमवलेल्या किड्यांच्या चौदाच्या चौदा पेट्या भंगारात.

सर म्युझियममध्ये ढेकूणवर्गातल्या कीटकांचा अभ्यास करायचे. ढेकूण म्हटलं की लोक गादी झटकतात. पण भाताच्या लोंबीतलं दूध पिणारे, पाण्यावर चालणारे, सगळे यातच येतात. खूण एकच, सुईसारखी सोंड. मी मूळची उल्हासनगरची शिलाईवाली. हात बारीक कामाचा, म्हणून सरांनी मला किड्यांना टाचण्या लावायला घेतलं.

"आयुष्य ढेकणांत घालवलं," काकू म्हणाल्या, "पण पलंगातला एक मारला नाही. म्हणे, आधी जात बघू दे."

मॅडम हसल्या, पण बधल्या नाहीत. "टाचणीवरच्या चिठ्ठीत नुसता नंबर आहे. गाव नाही, तारीख नाही. नंबरांची वही कुठंय?"

"वाळवीनं खाल्ली. वाळवी त्यांच्या विषयात नव्हती."

गाव-तारीख नसेल तर आमच्या कामात तो नमुना नव्हेच, नुसता मेलेला किडा. मग आठवलं. सरांना चिठ्ठी किड्यापेक्षा मोठी चालायची नाही. पेटीतली जागा किड्यांची, कागदाची नाही, म्हणायचे.

"मॅडम, चिठ्ठी खालून बघा ना."

"टाचणी उचलली तर पाय तुटतील हो."

"मी उचलते."

चिमट्यानं टाचणी सरळ वर काढली, आडवी धरली. मॅडमनी भिंग लावलं. चिठ्ठीच्या खालच्या अंगाला पेन्सिलीनं बारीक अक्षर. बारवी, भातखाचर, पुढं तारीख.

"आता पुढची पेटी घ्या," मॅडम म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

संध्याकाळपर्यंत अकरा पेट्या पास झाल्या. तीन पेट्यांतल्या चिठ्ठ्या खालून कोऱ्या निघाल्या. वरच्या नंबरांचं अक्षर सुरेख. माझंच. नवी होते तेव्हा, सर आजारी असताना, मी मळक्या चिठ्ठ्या काढून वरचे नंबर स्वच्छ उतरवले होते आणि जुन्या केरात टाकल्या होत्या. सर परत आले, म्हणाले, "अक्षर छान आहे, वही आहेच." मग पुढच्या पेटीतली एक चिठ्ठी उलटून दाखवली. बस, एवढंच.

अकरा पेट्या म्युझियमच्या गाडीतून गेल्या. तीन बदलापूरला माझ्या शोकेसमध्ये आहेत, शेजारणी रंग बघून जातात. तर सांगायचं काय, चिठ्ठी मळली तर मळू द्या. नवी लावायचीच असेल तर त्याच टाचणीला, जुनीच्या खाली लावा.