वेटिंग रूममधले काका

भुताखेतांचा विषय निघाला की उठून जाणाऱ्यांतली मी. वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळं हे लिहावं की नाही, यातच बरेच दिवस गेले... पण घडलं ते माझ्यासोबत, आणि भर दुपारी दोन वाजता.

उदगीर ते लातूर रोड या लाइनवरचं एक लहानसं स्टेशन. नाव सांगत नाही. निजामाच्या काळातली दगडी इमारत, एकच बुटका प्लॅटफॉर्म, एक हापसा, सिमेंटचे दोन बाक आणि तिकीट खिडकीला लागून वेटिंग रूम. भूकंपाला तेव्हा नऊ-दहा वर्षं झाली होती. माझी मुलगी लातूरला बारावी अन् क्लासेससाठी रूम करून राहायची. मेसचं जेवण तिला सोसेना. म्हणून दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी डबा घेऊन निघायची, रविवारी परत. जून महिन्यापासून हेच चाललेलं. झोप अशी कधी पुरी झालीच नाही.

त्या शनिवारी पॅसेंजर दीड तास लेट होती. बाहेर फेब्रुवारी अखेरचं ऊन. वेटिंग रूममध्ये मी एकटीच. भिंतीला टेकले आणि डोळा लागायला आला, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"बाई, हितं बसू नका. भाईर चला."

साठीच्या पुढचे एक काका. रेल्वेचा विटलेला निळा शर्ट, उजवा हात दाराच्या चौकटीवर. त्या हाताला दोन बोटं नव्हती.

"काका, बाहेर किती ऊन आहे! बसू द्या ना जरा."

"मी सांगायलोय ना, उठा. आत्ताच्या आत्ता उठा."

राग आला होता, पण वाद घालायचंही त्राण नव्हतं. पिशवी उचलली आणि प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर जाऊन आदळले. पाणी प्यायला बाटलीचं झाकण काढते न काढते तोच मागं धाडकन आवाज झाला. दारातून पांढरी धूळ बाहेर आली. मी बसले होते बरोबर त्या जागेवर छताचा भलामोठा तुकडा पडला होता — विटा, चुना, सगळं.

स्टेशन मास्तर धावत आले. "मॅडम, लागलं तर नाही ना?"

"ते काका कुठं आहेत? आत तर नाहीत? त्यांनीच मला उठवलं..."

"कोण काका? ड्युटीवर मी एकटाच हाय."

मी शर्ट सांगितला, हात सांगितला. मास्तर म्हणाले, "दोन बोटं नसलेले म्हणजे किशनराव, आमचे जुने पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलायचे. पण मॅडम, ते दोन वर्षं झाली अंथरुणावर हायत. लकवा. कूससुद्धा बदलता येत नाही त्यांना."

त्यांचं घर स्टेशनच्या मागंच होतं. गाडीला अजून तासभर होता. मी गेले.

दारात त्यांच्या बायको, सोजरबाई, तांदूळ निवडत बसल्या होत्या. आत खाटेवर तेच काका डोळे मिटून पडलेले. तोच चेहरा. उजवा हात पांघरुणाबाहेर. मी याआधी त्यांना कधीही पाहिलेलं नव्हतं.

छत पडल्याचं सांगितलं तर सोजरबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"भूकंपात त्या छताला तडा गेला होता, बाई. मोठे साहेब बघायला येणार म्हणून ह्यांनीच चुना भरून बुजवला, वरून रंग मारला. खाटेवर पडल्यापासून तेच डोक्यात घेऊन बसलेत. रातंदिस एकच — तिथं कुणी बसलं तर? मी म्हणायची, एवढी वर्षं झाली, काही झालं का? पण न्हाई. डोळ्याला डोळा न्हाई."

मी खाटेजवळ गेले. त्यांना हाक मारणार, तेवढ्यात सोजरबाईंनी माझा हात धरला.

"उठवू नका, बाई. मघाशी दोनच्या सुमाराला डोळा लागलाय. लई दिवसांनी असे झोपलेत."

ते खरंच घोरत होते. मी हळूच बाहेर आले.

पुढच्या शनिवारी जाऊन विचारायचं ठरवलं होतं. मग मुलीची परीक्षा आली, माझ्या चकरा थांबल्या. ही सबब झाली. खरं म्हणजे मला भीती वाटली. ते "मीच होतो" म्हणाले असते तरी आणि "मी नव्हतो" म्हणाले असते तरी... दोन्ही पेलण्याइतकी ताकद तेव्हा माझ्यात नव्हती. आजही नाही.