काकीची शेवटची वटपौर्णिमा

बहात्तरच्या दुष्काळात कडेगावकडच्या आमच्या शेतात काहीच पिकलं नाही, तेव्हा धाकटा काका विट्याच्या एका माणसाबरोबर कानपूरला सोनं गाळायच्या दुकानात कामाला गेला. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. काकी आमच्यात राहिली. काका वर्षातून एकदा यायचा आणि दरवेळी जास्तच खोकायचा. दुकानात तेजाबाचा धूर असतो, म्हणायचा.

मी नुकतीच पाचवीत गेले होते. वटपौर्णिमेच्या सकाळी काकी लग्नातला हिरवा शालू नेसून सोप्यात माझी वेणी घालत होती. काकाच्या दुकानातलाच एक गाववाला पहिल्या एस.टी.नं उतरला आणि घरात न येता परस्पर गोठ्यात आजोबांकडं गेला. आजोबांनी आजीला बोलावून घेतलं. काका गेला होता. तिकडंच अग्नीही देऊन झाला होता.

हे मला पुढं आईनं सांगितलं. त्या वेळी मी एवढंच पाहिलं, की आजी गोठ्यातून आली, तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि काकीला म्हणाली, "चल, ऊन व्हायच्या आत जाऊन येऊ."

"अगं, काय करतीस हे?" आजोबा मागून म्हणाले. आजीनं वळून पाहिलं नाही.

ओढ्याकाठच्या वडाला बायकांची गर्दी होती. आजी ताट धरून बाजूला उभी राहिली.

"आत्याबाई, तुमी न्हाई फेरं घालत?" काकीनं विचारलं.

"गुडघं दुखत्यात. तू घाल."

काकी सूत गुंडाळत फिरत होती. तिच्या खांद्यावरचा पदर सारखा घसरायचा आणि ती समोर आली की आजी तो सावरायची. कुणीतरी नाव घ्यायला सांगितलं. काकीनं लाजत काकाचं नाव घेतलं. सगळ्या हसल्या. आजीनं मान खाली घातली.

घरी आल्यावर आजीनं तिला माजघरात नेऊन सांगितलं. काकी आधी रडलीच नाही. "कवा?" एवढंच विचारलं.

"परवा."

"मग मी आज कुणासाटनं फेरं घातलं?"

आजी तिच्या पायाशी बसली. "आजचा एक दिस तुला सवाष्ण ठेवली, पोरी. दुसरं काय हुतं माज्या हातात?"

त्यानंतर काकी जी ओरडली, ते ऐकून आम्ही पोरं परसात पळालो. बांगड्या फोडायला बायका दारात जमल्या, पण आजीनं त्यांना आत घेतलं नाही. तिनंच काकीच्या हातातून एकेक बांगडी काढली.

दिवाळीपर्यंत काकी आजीशी बोलली नाही. आजी तिच्यापुढं भाकरी ठेवायची आणि ती खाईपर्यंत समोरून हलायची नाही. पुढच्या वर्षी बायका आजीला वडाला बोलवायला आल्या. आजोबा धडधाकट होते. आजी म्हणाली, "मी न्हाई येत आता." ती मरेपर्यंत गेली नाही.

आजीच्या तेराव्यानंतर काकी आणि मी भांडी घासत बसलो होतो. काकी म्हणाली, "मला लय राग हुता गं. मला खुळ्यात काढलं, वाटायचं. त्यांचा पोटचा पोर गेलाय आन् त्या माजा पदर सावरत हुत्या, हे माज्या ध्यानातच आलं न्हाई. लय वर्सं."

मग तिनं राखेचा हात तसाच डोळ्यांना लावला आणि कितीतरी वेळ काढला नाही.