एर्वेचा वाडगा

सोआझिगचा नवरा एर्वे गेला आणि वर्षाच्या आत त्याचा कॉफीचा वाडगाही गेला. गल्लीत घरोघरची अडगळ फुटपाथवर मांडून विकायचा रविवार होता. सून मायेलने उत्साहात अख्खं कपाट उपसलं. वाडगा फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात घराघरांत असतो तसाच, दोन कानांचा, बाहेर निळ्या अक्षरांत मालकाचं नाव.

"अहो आई, तो कुणी घेतलाच नाही," मायेल ओशाळून म्हणाली. "उरलंसुरलं धर्मादाय गोदामात दिलं."

"अगं, सासऱ्यांचं नाव वाचून तरी थांबायचंस!"

तणतणतच सोआझिग गोदामात गेली. तिथला म्हातारा म्हणाला, "भांडी? ती सकाळीच चर्चपुढचा जुन्या वस्तूंचा विक्रेता घेऊन गेला." ती चर्चपुढे धावली. विक्रेत्याच्या टेबलावर एर्वे होता. शेजारी दुसराही एर्वे होता. तिच्या पिढीत दगड भिरकावला तरी एखाद्या एर्वेला लागायचा, त्यात नवल नव्हतं. पण आपला कुठला?

तिने दोन्ही उलटेपालटे केले. एकाच्या कानाचा टवका उडालेला. आपल्याचा उडाला होता का? उभा जन्म रोज विसळलेलं भांडं, आणि काही म्हणता काही आठवेना. तिला स्वतःची लाज वाटली, भीतीही वाटली. उद्या चेहराही असाच विसरला तर?

"कुठला देऊ, बाई?" विक्रेत्याने विचारलं.

"माझा."

"दोन्हींवर एर्वेच लिहिलंय की!"

तेवढ्यात जांभळ्या कोटातल्या एका बाईने टवक्याचा वाडगा धरला. "हा आमच्या ह्यांचा. माझ्या लेकानं विकला, मेल्यानं."

"कशावरून तुमचा?" सोआझिगने त्याच वाडग्याचा दुसरा कान पकडला.

"कशावरून म्हणजे? ह्यांनी नळावर आपटला होता." बाई थांबली. तिची बोटं सैल झाली. "म्हणजे... बहुतेक. तुमचा आहे का हो?"

शेवटी सोआझिगने टवक्याचा त्या बाईला दिला आणि धड होता तो आपण घेतला. दोघी एकमेकींकडे न बघता पांगल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्यात कॉफी ओतली आणि टेबलाच्या रिकाम्या बाजूला ठेवली. मग वाडगा पुढे सरकवत म्हणाली, "कुणाचे का असेना तुम्ही, पिऊन घ्या. निवतेय."