घाटावर पाहुण्या नावेची जागा

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला मुलीला न्यायला माहेरचा मुऱ्हाळी येतो. माझा आला नाही. बहात्तरचा दुष्काळ सरून कृष्णा पुन्हा दोन्ही थड्या भरून वाहायला लागली होती. पंचमीच्याच दिवशी सांगलीत नावांच्या शर्यती होत्या आणि माझा थोरला भाऊ तिथल्या घाटावरच्या एका नावेचा म्होरक्या होता. शर्यतीपुढं बहीण कसली आठवते त्याला! शेजारणी रोज विचारायच्या, "कवा येणार गं तुझा मुऱ्हाळी?" काय सांगणार, कपाळ? मी पाण्याला जायची वेळच बदलून टाकली.

शेवटी सासरे म्हणाले, "आपली नाव शर्यतीला जायाचीच हाय. मी पोचवतो तुला म्हायेरला." आमचं गाव साताऱ्याच्या हद्दीजवळ, नदीच्या वरच्या अंगाला. मामंजी फौजेतले सुभेदार, पेन्शनीत आलेले. शर्यतीच्या नावेत बाईमाणूस नको, अशी वल्ही मारणाऱ्या पोरांत कुजबुज झाली. मामंजींनी नुसतं बघितलं, तशी पोरांनी वल्ही उचलली. त्यांच्या पायात बूट होते. ते कायमच असायचे. घरातही मोजे घालूनच वावरायचे, जेवायला पाटावर बसले तरी मोजे. लग्नात माझ्या माहेरच्यांनी त्यावरून लय थट्टा केली होती. "पावणं अंघोळ बी बुटातच करत्यात का?" असं दादा म्हणाला होता आणि पदराआड मीही हसले होते.

सांगलीला पोचलो तर घाट नावांनी गच्च भरलेला. तिथली रीत अशी, की पायऱ्यांना घाटावरच्या नावा बांधायच्या. बाहेरगावच्यांनी विचारून त्यांच्या बाहेरच्या अंगाला आपली नाव लावायची आणि त्यांच्या नावेतून चालत पायऱ्यांवर उतरायचं. मात्र अनवाणी. शर्यतीच्या दिवशी सकाळी नावेची पूजा झालेली असते, तिला कुणी पायताण लावत नाही. मी घाटावरच वाढलेली, मला हे सांगायला नको. पण जागा मिळेल तर ना! जो तो हात हलवून म्हणायचा, "फुडं जावा, फुडं जावा." आणि पुढं नुसता गुडघाभर चिखल.

"उतरते मी चिखलातनं," मी म्हटलं.

"माझी सून पयल्या पंचमीला चिखल तुडवत माहेरला जायाची न्हाई," मामंजी म्हणाले. "घाटावरनं जाईल, न्हाईतर माघारी."

एकदा बोलले की बोलले. माझा जीव टांगणीला लागला. घाट चढलं की आमची गल्ली, तिथं आई दिंडं उकडून दारात बसली असणार, आणि मी इथून माघारी जाणार? तेवढ्यात दादाची नाव दिसली. बाहेरचं अंग मोकळं होतं. "दादा, दोर घे," मी हाक मारली. मला वाटलं, सुटले.

दादानं माझ्याकडं बघितलं, मग आपल्या गड्यांकडं. ते माना हलवत होते. "जागा न्हाई, पावणं," तो म्हणाला. "ज्यांच्यासंगं शर्यत, त्यास्नीच कुशीला बांधून घ्यायचं व्हय? आमची पोरं ऐकायची न्हाईत."

सख्खा भाऊ. आमच्या नावेतली पोरं पाण्याकडं बघत बसली. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. मी पदर पुढं ओढून घेतला.

मामंजींचं डोकं फिरलं. त्यांनी नाव दादाच्या नावेला भिडवायला लावली, माझा हात धरला आणि सरळ पलीकडं पाय टाकला. बुटासकट. पाय पडला तो नेमका हळदी-कुंकवावर, फुलांवर. घाटावर एकच गिल्ला झाला.

"आवं, बूट!" दादा ओरडला. "सकाळी पूजा केलीया आमी. फौजेत ह्येच शिकवलं व्हय तुमास्नी?"

मामंजींनी खाली बघितलं. "चुकलं माझं," म्हणाले. मग तिथंच नावेच्या काठावर बसून नाड्या सोडायला लागले. बूट काढले. थोडं थांबले आणि मोजेही काढले.

त्यांच्या पायांना बोटं नव्हती. एकाही पायाला नव्हती.

"बर्फात गेली," ते म्हणाले, कुणी विचारलं नव्हतं तरी. मी त्या घरात राहत होते, त्यांचं पाणी काढत होते, आणि मला ठाऊक नव्हतं. आमच्या पोरांनाही नव्हतं. आता ते अख्खा घाट बघत होता.

ओल्या फळ्यांवर त्यांचा तोल राहीना. एका हातात बूट, दुसरा माझ्या खांद्यावर, असे ते नाव ओलांडून गेले. जाताना वाकून नावेला हात लावला, तो कपाळाला लावला. दादानं धरायला हात पुढं केला होता, त्यांनी तो घेतला नाही. पायरीवर उतरल्यावर म्हणाले, "जा पोरी, आई वाट बघत आसंल." दादानं स्वतः आमच्या नावेचा दोर बांधून घेतला. त्याच्या गड्यांनी सरकून जागा दिली.

मामंजी घाटावरच थांबले; शर्यतीला अवकाश होता म्हणून दादा माझ्याबरोबर आला. घरी माझं गाठोडं त्याच्या हातात बघून आई हरखली. त्यानंच मला आणलं असं तिला वाटलं. तिनं त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली, दोघांची पानं मांडली, दिंडांवर तूप घातलं. मग हसत विचारलं, "सासरचं कोण आलंय का न्हाई? ते सुभेदार तरी? आलं असतील तर बूट घालूनच आलं असतील."

मला मान वर करता येईना.

"काढून आलं," दादा म्हणाला, आणि भरल्या पानावरून उठून गेला.